दुसरी छत्री

आमच्या ताईची माणसे पारखण्याची एक तऱ्हा आहे. ती कपडा उलटून पाहते. सदाशिव पेठेत बत्तीस वर्षे तिने शिवणवर्ग चालवला. वरून झकपक दिसणाऱ्या पोलक्याची आतली शिवण पाहून ती शिवणारणीचा स्वभाव सांगते, आणि बहुधा तो बरोबर निघतो. माझ्या लग्नात नवऱ्या मुलाचा, म्हणजे माझाच, कोट तिने भर मांडवात उलटून पाहिला होता. हे मी याच सदरात पूर्वी एकदा लिहिले आहे. नेहमीच्या वाचकांना आठवत असेल. आजही गोष्ट ताईचीच आहे, फक्त कपडा निराळा आहे.

ताईची एकुलती एक मुलगी फ्लॉरिडात नोकरी करते. चार वर्षांपूर्वी एका रविवारी तिचा फोन आला, "आई, आज मी विमानातून उडी मारली!"

ताईने विचारले, "का गं, विमानाला काय झालं होतं?"

विमानाला काहीही झाले नव्हते. धडधाकट विमानातून माणसे पदरचे पैसे मोजून बाहेर पडतात, हे ताईला पटवायला आम्हाला आठवडा लागला. पहिल्या उडीचे पेठेत कौतुकच झाले. शेजारच्या काकूंनी लगेच आपल्या पुण्याच्या शीतल महाजनांचा दाखला दिला : २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी, २००६ साली दक्षिण ध्रुवावर, २०११ साली पद्मश्री, आणि २०१८ साली थायलंडात चक्क नऊवारी नेसून उडी. नऊवारीचे ऐकून ताईच्या चेहऱ्यावर प्रथमच कुतूहल उमटले. "काष्टा कसा राखला असेल गं?" एवढेच ती म्हणाली. पण भाचीच्या उड्या काही थांबेनात. दहावीला ताई गप्प झाली. शंभरावीनंतर तिने आकडा विचारणे सोडले.

यंदा मे महिन्याच्या सुटीत मी ताईला घेऊन फ्लॉरिडात गेलो. विमानातच तिने मला कामगिरी सोपवली. "तू तिथं जाऊन बघ. मी येणार नाही, मला बघवायचं नाही. पण आल्यावर खरं ते सांग. आणि हे बघ, कॉलेजातल्यासारखं संदर्भासहित स्पष्टीकरण नको."

पहिल्याच शनिवारी भाचीबरोबर त्या मैदानावर गेलो. एक धावपट्टी, एक दोन इंजिनांचे विमान, आणि गालिचा अंथरलेली भलीमोठी शेड. आत वीसपंचवीस बायाबापे गुडघ्यांवर बसून रंगीबेरंगी कापडे गुंडाळीत होते. मंगल कार्यालयात पंगत उठल्यावर सतरंज्या गोळा कराव्यात तशी. कुणी इंजिनिअर, कुणी नर्स, कुणी नळदुरुस्ती करणारा. बोलणे मात्र सगळ्यांचे एकच : कापड, दोर, वारा.

हवाई छत्री हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. पण भाचीने आपले कापड माझ्यापुढे पसरले तेव्हा त्यात छत्रीसारखे काहीच दिसेना. गोल छत्री कधीच मागे पडली. १७९७ साली पॅरिसमध्ये गार्नरँ फुग्यातून खाली उतरला तो गोल छत्रीने, आणि ती लंबकासारखी इतकी झोके खात होती म्हणतात की पाहणाऱ्यांचेच काळीज हलले. आजची छत्री चौकोनी असते. खरे म्हणजे ते कापडाचे पंख आहेत. पतंग आणि फुगे करण्यात हयात घालवलेल्या डोमिना जॅल्बर्ट या माणसाने १९६४ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६६ मध्ये ते त्याला मिळाले. दोन कापडांच्या मध्ये उभ्या पट्ट्या शिवून सात किंवा नऊ कप्पे करायचे, रजईसारखे. फक्त पुढची तोंडे उघडी ठेवायची. वारा तोंडातून आत शिरतो, कप्पे फुगतात, कापडाला पंखाचा आकार येतो. मग ते नुसते खाली येत नाही. पुढे जाते, वळते, हातातल्या दोन दोरांनी आवरता येते. हे ताईला सांगायला सोपे जाईल, असे मी मनाशी टिपून ठेवले.

मराठीचा मास्तर असल्यामुळे माझे निम्मे लक्ष त्यांच्या शब्दांकडे होते. विमानातून निघाल्यापासून छत्री उघडेपर्यंत जो मिनिटभराचा काळ जातो त्याला ही मंडळी पडणे म्हणत नाहीत, उडणे म्हणतात. मला आधी ही बढाई वाटली. मग ध्यानात आले की आपल्या भाषेत उडी आणि उडणे ही एकाच घरची लेकरे आहेत. विहिरीत उडी टाकणारा पोरगा आणि आभाळात उडणारी घार यांना मराठीने एकच क्रियापद पुरवले आहे. भाचीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मामा, पण विहिरीवर ब्रेक नसतात."

साडेतेरा हजार फुटांवर विमानातून निघायचे. दहाबारा सेकंदांत वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो आणि पोट जमिनीकडे केलेले असेल तर तिथेच थांबतो. खालून येणारी हवाच माणसाला पेलते. डोके खाली केले तर वेग याहून बराच वाढतो. पाठीची कमान, हातापायांची ठेवण एवढ्या बदलावर ही माणसे एकमेकांजवळ येतात, हात धरतात, सोडतात. विमानातून कुणी आधी निघायचे यालाही शास्त्र आहे. पोटावर पडणारे सावकाश पडतात, वारा त्यांना अधिक वेळ वाहून नेतो, म्हणून ते आधी. उभ्याने किंवा डोके खाली करून जाणारे त्यांच्या मागून. मध्ये काही सेकंदांचे अंतर. एकमेकांच्या डोक्यावर छत्र्या उघडू नयेत म्हणून साडेचारपाच हजार फुटांवर सारे पाठ फिरवून दूर पांगतात. मगच उजवा हात मागे नेऊन पाठीच्या बोचक्याच्या तळाशी खोचलेली हातभर कापडाची चिमुकली छत्री वाऱ्यात फेकायची. ती मोठीला ओढून बाहेर काढते.

आता यातली शिवणकामाची गोष्ट. मोठी छत्री त्या वेगात एकदम उघडली तर कापड तरी फाटेल, नाही तर माणसाचे हाड मोडेल. म्हणून दोरांवरून घसरत खाली येणारा एक चौकोनी रुमाल असतो. चारी कोपऱ्यांना कड्या, कड्यांतून दोर ओवलेले. वारा त्या रुमालाला वर दाबून धरतो, छत्री त्याला खाली ढकलू पाहते. या ओढाताणीत तीनचार सेकंद जातात आणि छत्री सावकाश फुलते. एवढाच रुमाल! मला तर त्या सबंध सामानात तोच सर्वांत आवडला.

आणि बोचक्यात छत्र्या दोन. खालच्या कप्प्यात मोठी, रोजच्या वापराची, वरच्यात राखीव. मोठी जो तो आपली आपण बांधतो. राखीव मात्र परवाना असलेल्या रिगरनेच बांधायची. तो त्यावर दोऱ्याने शिशाचा बारीकसा शिक्का मारतो, आणि अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा बांधावीच लागते, वापरलेली असो वा नसो. छातीवर उजवीकडे एक मूठ, डावीकडे एक. मोठी बिघडली तर आधी उजवी ओढायची. बिघडलेली छत्री सुटून निघून जाते. मग डावी, राखीव उघडते. क्रम चुकायचा नाही. बिघडलेल्या छत्रीत चांगली उघडली तर दोन्हींची वेणी होण्याची भीती.

खांद्यावरच्या ज्या तीन कड्यांमुळे हे सुटणे सोपे झाले त्या बिल बूथ या माणसाने १९७०च्या दशकाच्या मध्यावर काढल्या. मोठी कडी, तीतून मधली, तीतून लहान. आणि लहानीला अडकवायला दोरीचा फासा, फाशात एक पिवळी तार. सबंध माणसाचा भार मोठ्या कडीवर. पण एकेका कडीगणिक तो इतका उतरत जातो की शेवटच्या तारेला नुसता हाताचा हिसका पुरतो. माणूस बेशुद्ध पडला किंवा भानच विसरला तर? त्यालाही तोड आहे. हेल्मुट क्लोट या जर्मन गृहस्थाने १९९१ साली सायप्रेस नावाचे यंत्र बाजारात आणले. साडेसातशे फुटांच्या आसपास माणूस अजून ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने येतो आहे असे दिसले की ते राखीव कप्प्याचा फासा आपोआप कापते.

तुम्ही म्हणाल, मग आता भीती कसली? हेच मी भाचीला विचारले. तिने जे सांगितले त्याने मी जरा थंड झालो. १९७०च्या दशकात अमेरिकेत या छंदापायी वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे जात. २०२३ साली साडेछत्तीस लाख उड्यांत दहा गेली. हा फरक सामानाने केला. पण जाणाऱ्यांत अनेक जण असे असतात की त्यांच्या डोक्यावर छत्री पूर्ण उघडलेली असते, एक दोर तुटलेला नसतो. आणि ते नवशिके नसतात. त्या बूथनेच म्हणे म्हणून ठेवले आहे की सामान जसजसे निर्धोक होत जाईल तसतसे उडणारे जास्त धोका पत्करतील आणि हिशेब जागच्या जागी राहील.

हा धोका कुठला? लहान छत्रीचा. कपड्यांसारखीच यांनाही मापे असतात, चौरस फुटांत. सामानासकट माणसाचे वजन पौंडांत घ्यायचे आणि त्याला मापाने भागायचे. भाची सामानासह १४५ पौंड, छत्री १३५ची. भागाकार एकाच्या किंचित वर. छत्री जितकी लहान तितकी ती चपळ, तितकी वेगवान. जमिनीजवळ एक दोर ओढून झपकन वळले की लहान छत्री सूर मारते, मग सरळ होऊन गवतावरून सरसर घसरत जाते. पाहायलाच इतके देखणे की करणाऱ्याची काय अवस्था होत असेल! पण तेच वळण जरा खाली घेतले की छत्री सरळ होण्याआधी जमीन येते. आभाळातून दोन मैल खाली येणारा माणूस शेवटच्या शंभर फुटांत जातो.

भाचीला ९७ची छत्री हवी होती. म्हणजे भागाकार दीडवर. तिथे सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ आहेत, पाच हजारांवर उड्या झालेले. त्यांच्याकडे ९७ची विकाऊ होती. ती पैसे घेऊन गेली तर म्हातारबाबांनी विचारले, "तुझ्या उड्या किती?" ही म्हणाली, "चारशे दहा." ते म्हणाले, "आधी १२०वर ये. मग १०७वर. मग मी जिवंत असलो तर विचार." आणि पाठ फिरवून आपले कापड गुंडाळू लागले. भाची माझ्यापाशी येऊन धुसफुसत राहिली. मला मात्र त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावेसे वाटले.

तिसऱ्या शनिवारी मी बाकावर बसलो होतो. आता सवय झाली होती. विमानाचा आवाज बारीक झाला की वर पाहायचे, ठिपके शोधायचे. ठिपके दिसले, पांगले, एकेक छत्री फुलू लागली. भाचीची निळी नि नारिंगी. तीही उघडली, आणि भिंगरीसारखी फिरू लागली. तिच्याखालचा ठिपका चाकाला बांधल्यासारखा बाहेर फेकला जात होता. शेजारी कुणीतरी उभे राहिले. कुणी बोलले नाही. मग छत्री सैल पडली, रुमालासारखी एकीकडे वाहत गेली, आणि ठिपका एकटाच सरळ खाली आला.

किती वेळ? नंतर मला सांगितले, दोन सेकंद फार तर. मी वर्गात एका ओळीवर तास काढणारा माणूस. त्या दोन सेकंदांवर काय लिहू? मला ताईचा चेहरा दिसला एवढे आठवते. मग पांढरे कापड फट्‌कन उघडले.

भाची मैदानाच्या टोकाला उतरली आणि चालत आली. तोंड लालबुंद, हात थरथरत होते, पण पहिले वाक्य काय, तर "मामा, मुठी हरवल्या नाहीत हं, दोन्ही माझ्या हातात आहेत!" मग आम्ही तासभर रानात ती निळी नारिंगी छत्री शोधली. झाडावर लोंबकळत होती. शोधता शोधता तिने कबूल केले. सकाळी घाई होती, पुढचे विमान गाठायचे होते; डाव्या हाताचा ब्रेक बांधताना नीट बसवला नव्हता. उघडताना तो सुटला, छत्री एका अंगाने फिरू लागली, दोरांना पीळ बसला. तिने पाय झाडून पीळ सोडवायचा प्रयत्न केला, मनगटावर पाहिले, तेवीसशे फूट. मग उजवी, मग डावी.

गाडीत बसताना ती म्हणाली, "मामा, आईला सांगू नकोस ना."

मी काहीच बोललो नाही. एका बाजूला भाचीचा शब्द, दुसऱ्या बाजूला विमानात ताईला दिलेला. रात्री जेवायला बसलो. ताईने वाढले, मी जेवलो, ताट सरकवले. ताई म्हणाली, "काय झालं?"

"कुठं काय?"

"वरणात मीठ नव्हतं. तू बोलला नाहीस."

मग मी सारे सांगितले. संदर्भ नाही, स्पष्टीकरण नाही. जसे पाहिले तसे. भाची मान खाली घालून बसली होती. मला वाटले आता रडारड होईल, शपथा घातल्या जातील. ताई उठली, भांडी घासली, ओटा पुसला. एवढ्या यंत्राच्या घरात तिने भांडी हातानेच घासली. मग पदराला हात पुसत येऊन बसली आणि विचारले, "ती दुसरी छत्री कोण बांधतं?"

"रिगर आहे एक, आई. बाई आहे."

"मला तिच्याकडे ने."

मंगळवारी आम्ही तिघे त्या बाईंच्या कामाच्या खोलीत गेलो. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. खोलीत एक लांबच लांब टेबल आणि भिंतीकडेने पाच शिवणयंत्रे. त्यांतले एक जुने काळे सिंगर. ताई दारातच थांबली. बत्तीस वर्षे ज्या यंत्रापुढे बसली त्याची थोरली बहीणच तिला भेटली होती. तिथे असा रिवाज आहे की राखीव छत्रीने जीव वाचला तर ती बांधणाऱ्याला दारूची बाटली द्यायची. भाचीने बाटली आणलीच होती. ताईने तिच्याशेजारी बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला. बाईंनी डबा आधी उघडला.

मग त्या दोघींचे जे चालले त्यात माझी नि माझ्या भाषेची काही गरज उरली नाही. ताईने बोचके उलटे केले. पट्ट्यांच्या जोडावरची दाट आडवी शिवण नखाने खरवडून पाहिली, कड ओढून पाहिली, टाके मोजले. बाई एकेक जागा बोटाने दाखवत होत्या. पांढरे कापड टेबलावर पसरून त्यांनी उजेडाला धरले, कप्पान्‌कप्पा तपासला, दोर एकेक चाचपला. घाई कसली म्हणून नाही. घडी घालायला सुरुवात करण्यापूर्वी हत्यारे मोजली आणि संपल्यावर पुन्हा मोजली. एखादा चिमटा आत राहून गेला तर? ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "सुया मोजून ठेवणारी आहे." एवढे प्रशस्तिपत्र तिने बत्तीस वर्षांत दोघीतिघींनाच दिले असेल. तार ओढायला किती जोर लागतो तेही काट्याने मोजून पाहिले; बावीस पौंडांच्या वर जाता कामा नये असा नियम आहे. मग शिशाचा शिक्का, कार्डावर तारीख, सही. पुढची तारीख नोव्हेंबरअखेरची पडली.

सारे आवरले, भाची बोचके उचलणार, इतक्यात ताईने ते धरले. खालच्या, रोजच्या छत्रीच्या कप्प्याचे तोंड जो फासा बंद ठेवतो तो तिने दोन बोटांत घेतला. "हा विरलाय."

भाचीने पाहिले. एका बाजूचे तंतू खरेच सुटले होते. "आई, चालेल अजून दहावीस उड्या. बदलणारच आहे मी."

ताईने टेबलावरची कात्री उचलली आणि फासा कापून टाकला.

बाई मोठ्याने हसल्या. खणातून बारीक पांढऱ्या दोरीचे रीळ आणि एक लांब सुई काढली, आणि दोरी दोरीच्याच पोटात ओवून फासा कसा करायचा, गाठ कुठे मारायची, लांबी किती ठेवायची, हे ताईला दाखवले. ताईला दोनदा दाखवावे लागले नाही. निघताना बाईंनी ते उरलेले रीळ तिच्या हातात ठेवले.

भाचीने पुढे १२०ची छत्री घेतली. ९७चे नाव ती काढत नाही. निदान माझ्यापाशी तरी. परतताना विमानात ताईला मी विचारले, आता काळजी मिटली का? ती म्हणाली, "काळजी कशी मिटेल? पोरगी आभाळात आहे." आणि खिडकीची झडप ओढून झोपली.

परवा फराळाचे पार्सल अमेरिकेला गेले. चिवडा, चकल्या, अनारसे, आणि चकल्यांच्या डब्यात वेगळ्या पिशवीत बारा पांढरे फासे. मी पट्टी घेऊन मोजले. बाराही एकाच लांबीचे.